एअर रायफलची दुर्बीण किती उंच बसवावी?

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळवले. तुमच्याही मुलाने सरावाला एअर रायफल घेतली असेल, तर दुर्बिणीची उंची आधी बघा.

दुर्बीण उंच बसली की गाल दस्त्यावर टेकत नाही, मान उचलावी लागते. डोळा दरवेळी जागा बदलतो आणि नेम चुकतो. जवळच्या लक्ष्यावर छराही खाली लागतो. फार खाली बसवली, तर पुढचे तोंड नळीला घासते.

माप असे घ्या : पुढच्या तोंडाचा बाहेरचा व्यास मोजा, निम्मा करा, त्यात ३ मि.मी. मिळवा. व्यास ४८ मि.मी. असेल, तर २४ अधिक ३, म्हणजे २७ मि.मी. रायफलीवरच्या खाचेपासून दुर्बिणीच्या मध्यापर्यंत एवढी उंची पुरे. मग डोळे मिटून गाल टेकवा आणि डोळे उघडा. पूर्ण गोल दिसला, की काम झाले. मान उचलावी लागली, तर गालाखाली दस्त्यावर कापडाची घडी बांधा.

१० मीटर एअर रायफल स्पर्धेत मात्र दुर्बीण चालत नाही, हे मुलाला आधीच सांगा.

लक्ष्यामागे मातीचा बांध हवाच. आणि मोर पिकात शिरला, तरी त्याच्यावर छरा झाडू नका. तो कायद्याने गुन्हा आहे.