वेताळ, व्हॅम्पायर आणि युद्ध



व्हॅम्पायरची चित्रकथा हा व्याख्यानाचा विषय होऊ शकतो का, अशी शंका काहींच्या मनात येईल. पण आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाठ्यपुस्तकाआड ‘इंद्रजाल कॉमिक्स’ वाचले असणार. १९६४ साली सुरू झालेल्या त्या मालिकेतला ली फॉक यांचा ‘फँटम’ मराठीत आला तो ‘वेताळ’ होऊन. परक्या पात्राला आपल्या शिवेवरच्या भुतांच्या राजाचे नाव मिळाले आणि ते आपलेसे झाले.

याच्या उलटही घडले आहे. रिचर्ड बर्टन यांनी १८७० साली वेतालकथा इंग्रजीत नेल्या, तेव्हा वेताळाला ‘व्हॅम्पायर’ म्हटले. खरे तर दोघांत मोठा फरक आहे. व्हॅम्पायर रक्त मागतो, तर वेताळ उत्तर मागतो. तो प्रेतात शिरून विक्रमाच्या खांद्यावर बसतो, गोष्ट सांगतो आणि विचारतो, ‘यात दोष कुणाचा?’ उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील, ही त्याची अट. हा फरक ध्यानात ठेवून एका चित्रकथेकडे पाहू.

‘फीन्ड्स ऑफ द ईस्टर्न फ्रंट’ ही मालिका १९८० साली ‘२००० एडी’ या ब्रिटिश साप्ताहिकात आली. लेखक गेरी फिनली-डे, चित्रकार स्पेनचे कार्लोस एझ्केरा. दोघांनी आधी युद्धाच्या चित्रकथा केल्या होत्या, त्यामुळे रणभूमी त्यांच्या सवयीची होती. हान्स श्मिट नावाच्या जर्मन सैनिकाच्या रोजनिशीतून कथा उलगडते. रशियाच्या आघाडीवर त्याला कॅप्टन कॉन्स्टांटाची रुमानियन तुकडी भेटते. ही माणसे रात्री लढतात आणि शत्रूचा फडशा पाडतात. ते रक्तपिपासू आहेत हे श्मिटला हळूहळू उमगते. पण ते रक्त रशियनांचे असते, म्हणून जर्मन सैन्याच्या दृष्टीने ते दोस्तच ठरतात.

इथे लेखकाने खऱ्या इतिहासाचा आधार घेतला आहे. रुमानिया जून १९४१ मध्ये जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला. २३ ऑगस्ट १९४४ रोजी राजा मिहाई यांनी हुकूमशहा अँटोनेस्कू यांना अटक करविली आणि देशाने बाजू बदलली. कालचे दोस्त आज वैरी झाले. चित्रकथेत कॉन्स्टांटाचे दातही तेव्हा जर्मनांकडे वळतात.

ब्रॅम स्टोकर यांचा ड्रॅक्युला १८९७ साली एकेका घरात शिरत होता. युद्धात शिरलेल्या व्हॅम्पायरला लपण्याची गरजच उरत नाही. जिथे रोज हजारो माणसे मरतात, तिथे मानेवरच्या दोन खुणा कोण पाहणार? या कथेतले खरे भय हेच आहे. राक्षसाला आडोसा मिळतो तो माणसांनीच उभारलेल्या संहाराचा.

वेताळाने ही गोष्ट विक्रमाला सांगितली असती, तर शेवटी काय विचारले असते? ‘राजा, हे लोक रक्त पितात हे कळूनही, ते आपल्या बाजूचे आहेत तोवर ज्यांनी त्यांचा उपयोग करून घेतला, त्यांना पुढे तक्रार करण्याचा अधिकार उरतो का?’ उत्तर अवघड नाही. ते मोठ्याने बोलणे अवघड आहे.

बाजू बदलते म्हणजे काय, हे आपल्या लोधीखेड्याला थोडेसे ठाऊक आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपली राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. शेत तेच राहिले, घरातली बोली तीच राहिली. सरकारी कागदावरचे गाव मात्र बदलले. आपल्याला त्यासाठी शेजाऱ्यावर बंदूक रोखावी लागली नाही, हे आपले भाग्य. रुमानियाच्या शेतकऱ्याच्या पोराला ते भाग्य लाभले नाही.

म्हणून नातवंडांच्या हातात असले पुस्तक दिसले, तर लगेच हिसकावून घेऊ नका. आधी स्वतः वाचा. मग वेताळासारखे त्याच्याजवळ बसा आणि विचारा, ‘यात दोष कुणाचा?’