पहिली गाडी, आणि तीही स्पोर्टी

भारतात परवडणाऱ्या दरातली ‘स्पोर्टी’ गाडी म्हणजे बहुतेक वेळा साध्या कौटुंबिक हॅचबॅकचेच जोमदार रूप असते. उत्पादक तिचा सांगाडा तोच ठेवतो, मात्र तिच्यात बहुधा अधिक ताकदीचे इंजिन बसवतो, सस्पेन्शन थोडे कडक करतो, चाके मोठी देतो आणि काही वेळा ब्रेकही सुधारतो. २०१३ मध्ये सुमारे आठ लाख रुपयांना बाजारात आलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, २०१५ मधली फियाटची अबार्थ पुंटो, २०१७ मधल्या मारुती बलेनो आरएस आणि फोर्ड फिगो स्पोर्ट्स, तसेच २०१८ मधली टाटा टियागो जेटीपी ही या वर्गातली ठळक नावे होत. पोलो चाकणच्या आणि पुंटो रांजणगावच्या कारखान्यात तयार होत असल्यामुळे या वर्गाचा पुणे परिसराशी जवळचा संबंध राहिला आहे. आज यांपैकी एकही गाडी नवी मिळत नाही. त्यामुळे नुकत्याच कमावत्या झालेल्या तरुणाला त्यांचा विचार करायचा तो सेकंड हँड बाजारातच करावा लागतो, आणि तिथे नावाची कीर्ती ऐकून गाडी घ्यायची की समोर उभ्या असलेल्या गाडीची प्रकृती पाहून, हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

या निर्णयात भारतीय तरुणाला बाहेरून फारशी मदत मिळत नाही, ही बाब नीट लक्षात घेण्याजोगी आहे. ब्रिटनमध्ये विमा कंपन्यांनी मोटारींचे १ ते ५० असे गट पाडण्याची पद्धत अनेक वर्षे चालवली, आणि तिथे हप्ता ठरवताना चालकाचे वय व अनुभवही पाहिला जातो; परिणामी नवशिक्याने जोरकस गाडीकडे बोट दाखवले की विम्याचा आकडाच त्याला थांबवतो. भारतात मात्र तृतीय पक्ष विम्याचा, म्हणजे अपघातात दुसऱ्याच्या जिवाची वा मालमत्तेची हानी झाल्यास ती भरून देणाऱ्या सक्तीच्या विम्याचा, दर इंजिनाच्या घनक्षमतेवर ठरतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असा हा हिशेब आहे. बलेनो आरएसचे इंजिन ९९८ सीसीचे आहे, पण टर्बोमुळे ते १०२ पीएस ताकद देते; तरीही ती सर्वांत कमी दराच्या गटात, आठशे सीसीच्या छोट्या गाडीच्या शेजारी बसते. चालक अठरा वर्षांचा आहे की पन्नास वर्षांचा, याने या रकमेत एका रुपयाचाही फरक पडत नाही. ब्रिटनमध्ये जो विवेक विम्याचा हप्ता शिकवतो, तो इथे तरुणाने आणि त्याच्या घरच्यांनी स्वतःच दाखवायचा असतो.

त्यासाठी प्रथम ताकदीचा आकडा कसा वाचायचा हे समजले पाहिजे. पीएस हे इंजिनाच्या ताकदीचे एकक आहे, तर टॉर्क म्हणजे इंजिनाचे पिळबल, ज्यामुळे गाडीला ओढ मिळते आणि ज्याला बाजारात सर्रास ‘पिकअप’ म्हटले जाते. पोलो जीटी टीएसआयची ताकद १०५ पीएस आणि वजन सुमारे ११०० किलो. बलेनो आरएसची ताकद तिच्याहून थोडी कमी, पण वजन सुमारे ९५० किलो. टनामागे हिशेब केला तर पोलोला साधारण ९५ आणि बलेनोला साधारण १०७ पीएस येतात, म्हणजे कागदावर दुबळी दिसणारी गाडी वजनाच्या मानाने सरस ठरते. मात्र पोलोचा टॉर्क १७५ न्यूटन मीटर तर बलेनोचा १५० आहे. शिवाय घसरणारी गाडी एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावून सावरणारी ईएसपी ही यंत्रणा पोलो जीटीत आहे, बलेनो आरएसमध्ये नाही. उलट बलेनोला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, पोलोच्या मागच्या चाकांना जुन्या धाटणीचे ड्रम आहेत. नवख्या चालकाच्या दृष्टीने या तुलनेत पीएसपेक्षा ईएसपीला अधिक मोल द्यावे, कारण घाटातल्या ओल्या वळणावर घाबरून अचानक ब्रेक दाबण्याची किंवा स्टीअरिंग ओढण्याची चूक अनुभवी माणसापेक्षा त्याच्याच हातून होण्याचा संभव अधिक असतो. धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; ताशी ६० किलोमीटरवरून ९० वर जाताना वेग दीडपट होतो, पण ब्रेकना शोषावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट होते. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, सर्व नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या गाडीत एबीएस आणि दोन एअरबॅग आहेत की नाहीत हे मॉडेलच्या नावावरून गृहीत न धरता प्रत्यक्ष त्या गाडीत पाहावे. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत बिनएअरबॅगच्या पोलोला शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅगच्या पोलोला चार, इतके अंतर एकाच गाडीच्या दोन आवृत्त्यांत होते.

टर्बो इंजिनाची प्रकृती समजून घेतल्याशिवाय या गाड्यांची पारख होत नाही. टर्बो हा एक छोटा पंखा असतो. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू त्याची एक बाजू फिरवतो आणि दुसरी बाजू बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते, त्यामुळे लहान इंजिनात जास्त इंधन जाळता येते. हा पंखा अतिशय वेगाने फिरतो आणि त्याच्या दांड्याला आधार असतो तो ऑइलच्या पातळ थराचा. ऑइल वेळेवर बदलले नाही, किंवा हलक्या प्रतीचे घातले, तर सर्वांत आधी टर्बो झिजतो. म्हणून साध्या पेट्रोल गाडीत सर्व्हिस रेकॉर्डची दोन-चार पाने गहाळ असली तर एक वेळ चालून जाईल, टर्बो गाडीत चालणार नाही. पोलो जीटी टीएसआयच्या २०२० पूर्वीच्या आवृत्तीत सात गिअरचा कोरड्या दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. तो गिअर विलक्षण चपळाईने बदलतो, परंतु तुंबलेल्या रहदारीत त्याचे क्लच तापतात आणि त्याला चालवणारा मेकॅट्रॉनिक नावाचा भाग बिघडला तर येणारा खर्च नव्या नोकरदाराचे बजेट कोलमडवू शकतो. अबार्थ पुंटोची गोष्ट वेगळी. १४५ पीएसची ती गाडी या यादीत सर्वांत जोरकस, पण फियाटची मोटारविक्री भारतात थांबून बरीच वर्षे झाली आहेत आणि तिचे खास सुटे भाग शोधत फिरावे लागते. फोर्डनेही सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. पहिली गाडी म्हणून अबार्थ घेण्याचा मोह टाळावा हे बरे. ज्याच्याकडे रोजच्या वापरासाठी दुसरे वाहन आहे आणि विश्वासू फिटर ओळखीचा आहे, त्याच्यासाठी ती गाडी आहे.

गाडी पाहायला जायचे ते सकाळी, इंजिन थंड असताना, आणि विक्रेत्याला ते आधी सुरू करून ठेवू नका असे बजावून. थंड इंजिन सुरू होताना निळसर धूर आला तर ऑइल जळत आहे असे समजावे. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंचे एप्रन, म्हणजे पुढच्या चाकांवरचे पत्र्याचे आतले भाग, कारखान्यातल्या मूळ वेल्डिंगच्या सारख्या अंतरावरच्या गोल ठिपक्यांसह शाबूत आहेत का ते पाहावे. ठिपके नाहीसे झाले असतील किंवा तिथे सीलंटचा ओबडधोबड थर दिसत असेल तर गाडी समोरून जोरात ठोकली गेली आहे. दरवाजा किंवा बंपर रंगवलेला असणे हे शहरात सर्वसाधारण आहे आणि त्यावरून गाडी नाकारण्याचे कारण नाही. टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्काही वाचावा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटर तीस हजार किलोमीटर दाखवत असेल आणि टायर मात्र दुसरा संच असेल, तर मीटर मागे फिरवल्याचा संशय घ्यायला जागा आहे.

महाराष्ट्रात आणखी एक परीक्षा अटळ आहे, ती पाण्याची. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये पूर आला तेव्हा शेकडो गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि अशी गाडी धुऊन, वाळवून, दूरच्या शहरात विकायला काढली जाऊ शकते. ती ओळखण्यासाठी सीटबेल्ट अगदी शेवटापर्यंत ओढून बाहेर काढावा. रोज न उलगडणाऱ्या त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसली तर अधिक चौकशीची गरज नाही. सीटच्या रुळांवरचा गंज, डिकीत स्टेपनीच्या खळग्यात बसलेला बारीक गाळ, गालिच्याखालचा कुबट वास आणि डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडांवर चढलेली हिरवट पुटे याच गोष्टीची साक्ष देतात. बुडालेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण एअरबॅग आणि एबीएसची विद्युत जोडणी आतून कुजत जाते आणि ती नेमकी कधी दगा देईल हे कोणालाच सांगता येत नाही.

स्पोर्टी गाडीच्या आधीच्या मालकाने तिच्यात फेरफार केलेले असण्याची शक्यता साध्या गाडीपेक्षा जास्त असते. इंजिनाच्या संगणकातली आज्ञावली बदलून ताकद वाढवण्याला ‘रिमॅप’ म्हणतात. त्यासोबत बहुधा मोठा आवाज करणारा सायलेन्सर आणि खाली बसवलेले सस्पेन्शन येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे तत्त्व ठामपणे अधोरेखित केले. विमा कंपनीला न कळवलेला फेरफार दाव्याच्या वेळी आड येऊ शकतो, हा त्याचा व्यवहारातला अर्थ. मूळ भाग विक्रेत्याने घरी जपून ठेवले असतील तर ते किमतीत धरून मागून घ्यावेत, नसतील तर ती गाडी सोडून द्यावी. चासी क्रमांकावरून कंपनीची एखादी परत-मागणी बाकी आहे का तेही तपासावे; ब्रेकला साह्य करणाऱ्या व्हॅक्यूम पंपातल्या संभाव्य दोषासाठी मारुतीने २०२३ मध्ये बलेनो आरएसच्या ७,२१३ गाड्या तपासणीसाठी बोलावल्या होत्या.

कागदपत्रांत कर्जाचा बोजा उतरल्याचे बँकेचे पत्र, थकलेली ई-चलने आणि आरसीवरचे नाव या गोष्टी पैसे देण्यापूर्वी पाहाव्यात. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांच्या वापरावर निर्बंध असल्याने तिकडच्या गाड्या स्वस्त दिसतात, परंतु त्या महाराष्ट्रात आणताना ना-हरकत प्रमाणपत्र, इथला रस्ता कर आणि नवे पासिंग यांचा खर्च मिळवला की फरक बराच आटतो. हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३० भरून द्यावे लागतात. घरोघरी गाडी वडिलांच्या नावावर घेण्याची रीत आहे, तिचे दोन परिणाम क्वचितच कोणी समजावून सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानुसार नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला जातो. आणि विम्यासोबत येणारे १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण हे ‘मालक-चालका’साठी असते, म्हणजे वडिलांच्या नावावरची गाडी चालवणाऱ्या मुलाला ते मिळत नाही. गाडी मुलाच्या नावावर करावी, किंवा त्याच्यासाठी वेगळी अपघात पॉलिसी घ्यावी. ठरलेल्या रकमेतला पाचवा-सहावा हिस्सा बाजूला ठेवून पहिल्याच आठवड्यात चारही टायर, ब्रेक ऑइल आणि ब्रेक पॅड तपासून घ्यावेत, आणि गरज असेल तर मोठ्या अलॉय चाकांच्या आधी तेच बदलावेत.