सर्व्हर दोषनिवारण

सर्व्हर दोषनिवारण म्हणजे सर्व्हर संगणकात किंवा त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उद्भवलेल्या बिघाडाचे कारण शोधून तो दूर करण्याची प्रक्रिया होय. हे काम प्रामुख्याने प्रणाली प्रशासक करतात. व्यवहारात त्यांना 'सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' किंवा थोडक्यात 'सिसअ‍ॅडमिन' म्हटले जाते. या कामात दोन उद्दिष्टांची सतत ओढाताण चालते. बंद पडलेली सेवा शक्य तितक्या लवकर पूर्ववत करणे हे पहिले, आणि ती का बंद पडली हे कळणे हे दुसरे. पहिल्यासाठी केलेली कृती पुष्कळदा दुसऱ्यासाठी लागणारा पुरावाच पुसून टाकते. घाईच्या दुरुस्तीने मूळ बिघाडापेक्षा मोठे नुकसान झाल्याचीही उदाहरणे आहेत.

तक्रारीची छाननी

वापरणाऱ्यांची तक्रार सहसा 'साइट चालत नाही' एवढ्याच शब्दांत येते. कोणते पान, केव्हापासून, सर्वांना की काहींनाच, आणि त्याआधी काय बदलले, एवढे विचारले तरी शोधाचे क्षेत्र बरेच आकुंचित होते. यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत फलदायी असतो. मात्र त्याचे खरे उत्तर पहिल्या वेळी क्वचितच मिळते. 'काहीच बदललेले नाही' याचा अर्थ बहुधा 'सांगण्याजोगे वाटले असे काही बदललेले नाही' एवढाच असतो.

तक्रार विचित्र वाटली म्हणून ती खोटी ठरत नाही. या संदर्भात 'पाचशे मैलांची ई-मेल' ही हकीकत प्रशासकांच्या वर्तुळात प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या माजी प्रशासकाने ती २००२ साली लिहिली. तेथील संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांची तक्रार अशी की, विभागातून पाचशे मैलांपेक्षा दूर ई-मेल जात नाही. ई-मेलला अंतराचे बंधन नसते, म्हणून प्रशासकाने प्रथम ती हसण्यावारी नेली. परंतु चाचणी घेतली तेव्हा ती शब्दशः खरी निघाली. सर्व्हरची कार्यप्रणाली अद्ययावत करताना 'सेंडमेल' या सॉफ्टवेअरची आठवी आवृत्ती जाऊन तिच्या जागी जुनी पाचवी आली होती. मांडणीची फाइल मात्र आठव्या आवृत्तीचीच राहिली होती. त्या फाइलमधील लांब नावांच्या सूचना पाचव्या आवृत्तीला कळेनात, त्यामुळे दूरच्या सर्व्हरची वाट किती वेळ पाहायची याचे मूल्य शून्य झाले. प्रत्यक्षात ते सॉफ्टवेअर सुमारे तीन मिलिसेकंद थांबून प्रयत्न सोडून देत असे, आणि तेवढ्या वेळात प्रकाश सुमारे ५५८ मैल म्हणजे ९०० किलोमीटरच्या आसपास जातो. संख्याशास्त्रज्ञांचे निरीक्षण अचूक होते. त्यांना कारण तेवढे ठाऊक नव्हते.

तक्रारीतील वेळही तपासून घ्यावी लागते. अनेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. सकाळी ९ वाजून १५ मिनिटांनी झालेला बिघाड अशा सर्व्हरच्या नोंदींत ३ वाजून ४५ मिनिटांखाली सापडतो. रोज पहाटे साडेपाचलाच एखादी सेवा मंदावत असेल, तर सर्व्हरच्या मध्यरात्रीसाठी नेमून दिलेली कामे आधी पाहावीत.

थर आणि स्थितिक्रमांक

एक संकेतपान वाचकापर्यंत पोहोचण्यासाठी नावाचा पत्ता शोधणारी यंत्रणा, नेटवर्क, सुरक्षा प्रमाणपत्र, वेब सर्व्हर, उपयोजन सॉफ्टवेअर आणि डेटाबेस असे अनेक थर पार करावे लागतात. दोषनिवारणाचा गाभा म्हणजे बिघाड यांतील कोणत्या दोन थरांच्या मधे आहे हे ठरवणे. साखळीच्या मध्यावर चाचणी घेतली की अर्धी साखळी संशयातून मुक्त होते.

वेब सर्व्हरने परत पाठवलेला तीन अंकी स्थितिक्रमांक येथे उपयोगी पडतो. ५०० हा क्रमांक उपयोजनातच काही चुकल्याचे सांगतो. ५०२ म्हणजे पुढच्या सर्व्हरला मागच्या सर्व्हरकडून ग्राह्य उत्तर मिळाले नाही. मागचे सॉफ्टवेअर बंद पडले असल्यास बहुधा हाच दिसतो. ५०४ म्हणजे मागचा सर्व्हर वेळेत उत्तर देऊ शकला नाही, आणि अशा वेळी डेटाबेसमधील एखादी रेंगाळलेली पृच्छा आधी शोधावी. 'एनजिनएक्स' या वेब सर्व्हरची मागच्या सर्व्हरसाठी थांबण्याची पूर्वनिश्चित मुदत ६० सेकंद आहे. त्यामुळे पान दर वेळी बरोबर ६० सेकंदांनीच कोसळत असेल, तर ती मर्यादा कोणत्या तरी मांडणीत लिहिलेली आहे असे समजावे. बिघाड इतका नेमकेपणा सहसा पाळत नाही.

लॉग

सर्व्हरवरील सॉफ्टवेअर आपल्या कामाची कालानुक्रमे नोंद ठेवते. तिला लॉग म्हणतात. लिनक्सवर या नोंदी प्रथेप्रमाणे 'व्हार' या निर्देशिकेतील 'लॉग' या उपनिर्देशिकेत असतात. वाचताना शेवटची त्रुटी पाहण्याचा मोह होतो; पण एका बिघाडातून पुढे शेकडो त्रुटी जन्म घेतात, म्हणून सामान्यतः पहिली त्रुटी अधिक बोलकी असते.

संगणकातील दोषाला 'बग' म्हणण्याची कथा सांगताना ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड मार्क २ या यंत्रात सापडलेल्या पतंगाचा उल्लेख हमखास होतो. हा शब्द त्याहून जुना आहे. त्या प्रसंगातील खरी शिकण्याजोगी गोष्ट म्हणजे पतंग नसून नोंदवहीतील ओळ होय: वेळ १५४५, एफ पॅनेल, रिले क्रमांक ७०, आणि खाली चिकटवलेला प्रत्यक्ष पुरावा. आजच्या कित्येक लॉगमध्ये 'काहीतरी चुकले' एवढेच लिहिलेले आढळते.

डिस्क भरणे

सर्व्हरच्या नेहमीच्या बिघाडांत डिस्क भरण्याचा क्रम वरचा आहे, आणि त्याची लक्षणे फसवी असतात. डेटाबेस थांबतो, वापरणाऱ्यांना प्रवेश मिळत नाही, ई-मेल अडकते. डिस्कचे नाव मात्र कोणीच काढत नाही. लिनक्सवर याचे काही प्रकार नवशिक्यास चकवतात.

पहिला प्रकार पुसूनही जागा मोकळी न होण्याचा. एखाद्या सॉफ्टवेअरने उघडून ठेवलेली लॉग फाइल पुसली तर तिचे नाव यादीतून जाते, परंतु ते सॉफ्टवेअर ती बंद करीपर्यंत तिने व्यापलेली जागा सुटत नाही. 'डीएफ' ही आज्ञा डिस्क भरलेली दाखवते, तर फाइलींची बेरीज करणारी 'डीयू' आज्ञा बराच कमी आकडा सांगते. या तफावतीचे उत्तर 'एलएसओएफ' या आज्ञेने मिळते. पुसलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइली ती दाखवते. यात दुहेरी तोटा असा की जागा तर मिळत नाहीच, शिवाय डिस्क कशाने भरली हे सांगणारी फाइलही नजरेआड होते. ती आधी दुसरीकडे उतरवून घेणे श्रेयस्कर.

दुसऱ्या प्रकारात जागा शिल्लक असूनही 'जागा नाही' असा संदेश येतो. प्रत्येक फाइलमागे 'आयनोड' नावाची एक नोंद खर्च होते आणि ईएक्सटी ४ सारख्या फाइलप्रणालीत त्यांची संख्या आरंभीच ठरते. लक्षावधी चिमुकल्या फाइली साठल्या की नोंदी संपतात. याच प्रणालीत सामान्यतः ५ टक्के जागा मुख्य वापरकर्त्यासाठी राखीव असते. त्यामुळे प्रशासकास स्वतःला फाइल लिहिता येते आणि उपयोजनाला मात्र येत नाही.

मेमरी संपल्यास लिनक्सचे केर्नेल स्वतःच एखादी प्रक्रिया निवडून ती बंद करते. पुष्कळ मेमरी वापरणारा डेटाबेस त्यात अनेकदा बळी पडतो. त्याच्या स्वतःच्या लॉगमध्ये याचे कारण सापडत नाही; ते केर्नेलच्या नोंदींत पाहावे लागते.

रीस्टार्टचा प्रश्न

सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू करणे हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो, आणि खोळंबलेल्या लोकांसमोर तो करणे गैरही नाही. तथापि त्यामुळे मेमरीतील स्थिती, चालू प्रक्रियांची यादी व उघडी कनेक्शने नाहीशी होतात. ही माहिती एका फाइलमध्ये टिपून घेण्यास दोन मिनिटे पुरतात.

रीस्टार्ट कुठल्या थराचा करायचा हेही कारण ठाऊक असल्याशिवाय ठरत नाही. ३० जून २०१२ रोजी जागतिक प्रमाणवेळेत एक लीप सेकंद जोडला गेला. भारतात तेव्हा १ जुलैची पहाटेची साडेपाचची वेळ होती. लिनक्स केर्नेलच्या वेळ राखणाऱ्या भागातील दोषामुळे जगभरातील अनेक सर्व्हरचे प्रोसेसर एकाएकी पूर्ण भाराने चालू लागले. जावा आणि मायएसक्यूएल यांवर आधारलेल्या सेवांना याचा विशेष फटका बसला. दोष केर्नेलमध्ये असल्याने नुसते उपयोजन पुन्हा सुरू करून भार उतरत नव्हता. संपूर्ण संगणक पुन्हा सुरू केल्यास तो उतरे. आणि कारण उमगलेल्यांना तर सर्व्हरच्या घड्याळात आहे तीच वेळ पुन्हा भरणे पुरेसे झाले.

देवनागरी मजकुराचे बिघाड

मराठी मजकूर सांभाळणाऱ्या सर्व्हरवर बिघाडांचा एक स्वतंत्र वर्ग आढळतो. यातील लक्षणे वरवर सारखी वाटतात, पण त्यांचे अर्थ अगदी भिन्न आहेत.

अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी दिसत असतील तर मजकूर बहुधा शाबूत असतो. तो दाखवणाऱ्या ठिकाणी देवनागरी फाँट नसतो. पीडीएफमध्ये 'शिक्षण' या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर उमटत असेल, तर ते पान तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरला देवनागरीची जुळणी येत नाही. याही वेळी डेटाबेसला हात लावण्याचे कारण नाही.

मजकुराच्या जागी युरोपीय स्वरचिन्हांच्या अक्षरांची रांग दिसली, तर संकेतनाची गल्लत झालेली असते. यूटीएफ ८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. 'मराठी' या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हे म्हणजे १५ बाइट होतात. ते लॅटिन १ समजून वाचले की पाचाऐवजी १५ निरर्थक चिन्हे समोर येतात. मूळ बाइट सुरक्षित असतील तर योग्य संकेतन सांगताच मजकूर परत मिळतो.

प्रश्नचिन्हांची गोष्ट वेगळी. 'मराठी'च्या जागी पाच प्रश्नचिन्हे डेटाबेसमध्येच साठवली गेली असतील, तर लॅटिन १ मध्ये रूपांतर करताना न बसणारे प्रत्येक चिन्ह टाकून देण्यात आले आहे. तो मजकूर त्या प्रतीतून परत येत नाही. जुना बॅकअप हाच आधार. म्हणूनच निरर्थक चिन्हांची रांग दिसताच घाईघाईने तक्त्याचे संकेतन बदलणे धोक्याचे आहे. दुरुस्त होण्याजोगा मजकूर अशा चुकीच्या रूपांतरात कायमचा प्रश्नचिन्हांत जाऊ शकतो. असे प्रयोग प्रतीवर करावेत.

मायएसक्यूएलचे पूर्वनिश्चित संकेतन ८.० या आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत, लॅटिन १ हेच होते. त्यात 'यूटीएफ ८' या नावाने मिळणारा पर्यायही प्रत्येक चिन्हासाठी जास्तीत जास्त तीन बाइटांचा होता. देवनागरीला तो पुरतो. मोडी लिपीला पुरत नाही: २०१४ साली युनिकोडमध्ये समाविष्ट झालेल्या मोडीच्या प्रत्येक चिन्हास चार बाइट लागतात, आणि इमोजींचेही तसेच. जुन्या पर्यायावर चालणारा डेटाबेस शिथिल मांडणीत असेल तर असे चिन्ह येताच त्यापुढचा सगळा मजकूर कापून टाकतो. त्यासाठी 'यूटीएफ ८ एमबी ४' हा पर्याय निवडावा लागतो.

लांबीचा हिशोबही तपासावा. ओरॅकल डेटाबेसमध्ये स्तंभाची लांबी वेगळे न सांगितल्यास बाइटांत मोजली जाते. ३० लांबीच्या स्तंभात इंग्रजी नाव सहज मावते. युनिकोड संकेतनात 'ज्ञानेश्वर' हे एकच नाव बरोबर ३० बाइटांचे भरते आणि आडनावाला जागा उरत नाही.

बॅकअप आणि गिटलॅबची घटना

दुरुस्तीतूनच मोठा बिघाड झाल्याचे सविस्तर नोंदलेले उदाहरण म्हणजे ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संकेतस्थळावर घडलेला प्रकार. डेटाबेसवरील भार वाढल्याने मुख्य सर्व्हरवरून दुय्यम सर्व्हरवर होणारी नक्कल खंडित झाली होती. ती नव्याने सुरू करण्यासाठी दुय्यम सर्व्हरवरील डेटा पुसायचा होता. रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या अभियंत्याने ती आज्ञा मुख्य सर्व्हरवर दिली. एक-दोन सेकंदांत चूक ध्यानी येऊन त्याने ती थांबवली, तेव्हा सुमारे ३०० गिगाबाइटपैकी ४.५ गिगाबाइट उरले होते.

त्यानंतर बॅकअपचा शोध सुरू झाला. रोजचा बॅकअप घेणारे साधन पोस्टग्रेस डेटाबेसच्या ९.२ आवृत्तीचे होते आणि डेटाबेस ९.६ चा; त्यामुळे तो बॅकअप अयशस्वी होत होता व साठवणीची जागा रिकामी होती. अपयशाची सूचना देणाऱ्या ई-मेल निघत होत्या, परंतु प्रेषकाची खातरजमा होत नसल्याने त्या नाकारल्या जात होत्या. बॅकअप आणि नक्कल यांच्या एकूण पाच पद्धतींपैकी एकही भरवशाने चालू नव्हती. एका कर्मचाऱ्याने चाचणीच्या कामासाठी सुमारे सहा तास आधी स्वतः घेतलेली प्रत तेवढी हाती लागली. ती ज्या डिस्कवर होती ती संथ असल्याने नुसती नक्कल करण्यात कित्येक तास गेले, आणि सेवा सुमारे १८ तास बंद राहिली. साठवलेला प्रत्यक्ष कोड वाचला; मधल्या सहा तासांतील सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, तेवढेच अभिप्राय आणि ७०० नवी खाती यांना मात्र मुकावे लागले.

कंपनीने दुरुस्तीचे थेट प्रक्षेपण केले व नंतर संपूर्ण वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात अभियंत्यावर ठपका ठेवलेला नाही. सुधारणांच्या यादीत बॅकअपमधून डेटाबेस नियमितपणे उभा करून पाहण्याची तरतूद आहे. आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत हे आज्ञा टाइप करण्यापूर्वीच दिसावे म्हणून प्रत्येक सर्व्हरची आज्ञारेषा वेगळी दिसेल असा बदलही त्याच यादीत नमूद आहे.