शस्त्रक्रियेनंतर अंगावर पाजता येतं का?

स्तनांची कॉस्मेटिक शस्त्रक्रिया झालेल्या अनेक बायका बाळाला अंगावर पाजतात. दूध किती येईल, हे बऱ्याच अंशी छेद कुठे दिला आणि शस्त्रक्रिया कशी केली यावर ठरतं.

• इम्प्लांट : स्तनाखालच्या घडीतून किंवा काखेतून बसवलं असेल, तर दुग्धनलिका सहसा शाबूत राहतात. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने छेद असेल, तर नलिका आणि नसा दुखावण्याचा धोका जास्त.

• आकार कमी केला असेल तर : स्तनाग्र आतल्या ऊतींना जोडलेलं ठेवलं असल्यास आशा अधिक. ते पूर्ण सुटं करून पुन्हा बसवलं असल्यास पुरेसं दूध मिळणं अवघड.

• सिलिकॉनची भीती : अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या १९९९च्या अहवालानुसार, सिलिकॉन इम्प्लांट असलेल्या आईचं दूध बाळाला अपायकारक असल्याचा पुरावा नाही.

• पुरतंय ना? : पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा वेळा भरपूर, फिकट शू व्हावी. दोन आठवड्यांच्या सुमारास जन्मावेळचं वजन भरून यावं.

• कमी पडलं तर : स्तनाग्राशी बारीक नळी चिकटवून जादा दूध देता येतं. बाळ छातीशीच राहतं, ओढत राहतं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात इतर मातांनी दान केलेलं दूध पुरवणारी मानवी दुग्धपेढी १९८९पासून आहे. तिथलं दूध प्रामुख्याने आजारी आणि कमी दिवसांच्या बाळांसाठी असतं.

• आधीच सांगा : शस्त्रक्रिया लपवू नका. गरोदरपणातच डॉक्टरांना कळलं, तर पहिल्या दिवसापासून बाळाच्या वजनावर नीट लक्ष राहतं. थोडंच दूध आलं, तरी तेही बाळासाठी मोलाचं आहे.