आजोबा पिंपरीत आले, नोंद गावीच राहिली! वंशावळ जुळवायची कशी?

1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली. पुढे एमआयडीसी आली आणि सातारा, सोलापूर, मराठवाड्यातून कुटुंबे कामासाठी इथे स्थायिक झाली. त्यांची तिसरी पिढी आज आकुर्डी, भोसरी, चाकणमध्ये राहते. मुलांच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला आणि पडताळणी करायची वेळ आली, की पणजोबांच्या कागदाची शोधाशोध सुरू होते.

कोणत्या गावात शोधायचे?
आज तुम्ही कुठे राहता, हे इथे महत्त्वाचे नाही. ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 ही तारीख धरली जाते. त्या दिवशी वडील किंवा आजोबा जिथे राहत होते, तिथल्या प्रांत कार्यालयाकडे अर्ज जातो.

सुरुवात कशी करायची?
वडिलांच्या शाळेच्या दाखल्यापासून. शेती असेल तर सातबारा काढा. त्यावरील फेरफार क्रमांक धरून मागे जा. वारस फेरफारात मयत खातेदार, वारस आणि त्यांचे नाते एकाच ठिकाणी मिळते. त्याआधीच्या पिढीसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही पाहा. त्यात बाळाचे नाव अनेकदा नसते, बापाचे असते. आडनावही नसू शकते.

अक्षर लागत नाही?
अनेक जुन्या नोंदी मोडीत आहेत. त्यासाठी मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते.

ऑनलाइन काय मिळते?
7 सप्टेंबर 2023 रोजी न्या. संदीप शिंदे समिती नेमल्यानंतर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर या नोंदी गावनिहाय पाहता येतात. जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ पोर्टलवर तपासा.

नोंद सापडली, आता?
इथेच अनेकांची गल्लत होते. आडनाव आणि गाव जुळले म्हणून ती नोंद तुमची ठरत नाही. पणजोबा ते आजोबा, आजोबा ते वडील, वडील ते तुम्ही, अशा प्रत्येक दुव्याला कागद हवा. नाते वडिलांकडचे, रक्ताचे असावे लागते. ‘धोंडी’ आणि ‘धोंडिबा’ एकच, हेही सिद्ध करावे लागते. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र तुम्हीच करता, त्यामुळे चुकीचे नाव घातल्यास जबाबदारीही तुमचीच.

प्रवेश सुरू होण्याची वाट पाहू नका. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडून चुलत घराण्यांची नावे आजच लिहून घ्या.