लिथियमची लेव्हल

बायपोलर आजाराचा माणूस डॉक्टरांकडे पोहोचतो तो बहुधा मलूल अवस्थेत. अंथरुणातून उठवत नाही, घास घशाखाली उतरत नाही, जगण्यात राम उरलेला नाही. घरचे घाबरून घेऊन येतात आणि हेच सांगतात. त्याआधी कधी तरी हाच माणूस चार तास झोपून ताजातवाना उठत होता, रात्री दोनला मित्रांना फोन करून नव्या धंद्याचे बेत ऐकवत होता, ऐपतीबाहेरची कर्जं काढत होता, हे सांगायचं कुणाला सुचतच नाही. तेव्हा तर सगळ्यांनी त्याच्या धडाडीचं कौतुक केलेलं असतं.

घोटाळा इथेच होतो. नुसतं डिप्रेशन समजून अँटिडिप्रेसंट सुरू केलं, तर अशा रुग्णाचं मन उसळून उन्मादाकडे जाण्याचा धोका असतो. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ झोपेबद्दल, खर्चाबद्दल, जुन्या भांडणांबद्दल खोदून विचारतात. निदानाचे ठोकताळे असे: उदासी किमान दोन आठवडे, उन्माद किमान आठवडाभर, त्याचं सौम्य रूप किमान चार दिवस. एखाद्या संध्याकाळची चिडचिड किंवा सणासुदीचा उत्साह यात बसत नाही.

या आजारावरचं सर्वांत जुनं आणि अजूनही पहिल्या रांगेतलं औषध म्हणजे लिथियम, एक साधा क्षार. मेलबर्नजवळच्या बंडूराच्या रुग्णालयात जॉन केड यांनी ते १९४८ मध्ये उन्मादाच्या रुग्णांना दिलं आणि पुढच्या वर्षी दहा जणांचे अनुभव छापले. शोध लागला तो आडवाटेने. केड युरिक आम्लाच्या मागे होते. त्यासाठी वापरलेल्या लिथियमच्या क्षारांनी गिनिपिग सुस्तावले. अनेक वर्षं रुग्णालयात काढलेला त्यांचा पहिला रुग्ण घरी परतला, औषध सोडून पुन्हा आजारी पडला आणि औषध पुन्हा सुरू केल्यावर १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने दगावला. रक्तातलं प्रमाण मोजण्याची सोय तेव्हा हाताशी नव्हती. अमेरिकेत तर १९४९ मध्ये हृदयरुग्णांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकलं गेलं, काही जण मेले आणि औषध बदनाम झालं. डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊ यांनी १९५४ पासून चिकाटीने चाचण्या घेतल्या, तरी अमेरिकेत मान्यता मिळायला १९७० उजाडलं. पेटंट न मिळणाऱ्या क्षाराची जाहिरात कोणती कंपनी करणार?

आज डॉक्टर ‘लेव्हल करून आणा’ म्हणतात ते याच इतिहासामुळे. शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी रक्त द्यायचं. बहुतेकांसाठी ०.६ ते १.० मिलीमोल प्रति लिटर हा पट्टा, १.५ ओलांडलं की हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं सुरू होऊ शकतं. मूत्रपिंडाला सोडियम आणि लिथियम यांत फारसा फरक कळत नाही. शरीरात मीठपाणी कमी पडलं की ते दोन्ही धरून ठेवतं. विदर्भातला मे महिना, निर्जळी उपवास, जुलाब, किंवा बीपीसाठी एकदम मीठ बंद करणं, यातून लेव्हल चढते. गुडघेदुखीवर परस्पर घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनीही चढते. थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणीही ठरावीक काळाने करावी लागते.

एवढी कटकट कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत लिथियमइतका भक्कम पुरावा फार थोड्या औषधांमागे आहे. ते मानवत नसेल तर क्वेटियापिन, लॅमोट्रिजिन आहेत. व्हॅल्प्रोएटही आहे, पण गर्भाला त्याचा मोठा धोका असल्याने मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते शक्यतो देत नाहीत. समुपदेशन आणि झोपेची ठरलेली वेळ औषधाच्या जोडीला हवीच. औषधांखेरीज विजेच्या झटक्याचा उपचार (ईसीटी) आहे, त्याचं सिनेमाने बुजगावणं केलंय. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो देताच येत नाही.

औषध सुटतं ते पुष्कळदा बरं वाटू लागल्यावर. काहींना तर त्या उसळत्या दिवसांची ओढ वाटते. गोळीने धार गेली, असं ते म्हणतात. ही तक्रार दडपू नये, डॉक्टरांना सांगावी. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, पण हळूहळू. लिथियम एकदम थांबवलं तर उन्माद उलटण्याची शक्यता वाढते. अडल्यावेळी टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.