स्वमग्न मूल आणि बालवर्गाची घडी

गाणे अर्ध्यावर थांबवून ताई घंटा वाजवितात, चटया गुंडाळल्या जातात, खाऊच्या डब्यांचा खणखणाट सुरू होतो, आणि बाकीची मुले या बदलाला सहज सामोरी जात असताना चार वर्षांचे एखादेच मूल कानांवर हात दाबून आक्रोश करू लागते, तेव्हा ‘हट्टी’ असा शेरा मारून मोकळे होण्याचा आपला शिरस्ता आहे. वस्तुतः पुढे काय घडणार याचा अंदाज बांधणे ज्याला दुष्कर आणि इतरांना न खुपणारा आवाजही ज्याला असह्य, अशा मुलाने पूर्वसूचनेवाचून झालेल्या उलथापालथीविरुद्ध गुदरलेली ती फिर्याद असते.

बाल्टिमोरचे मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ स्वमग्न मुलांची जी निरीक्षणे प्रसिद्ध केली, त्यांत एकलेपणाच्या ओढीबरोबरच परिचित क्रम अबाधित राहावा हा आग्रहही नोंदलेला आहे. पुढे बराच काळ स्वमग्नतेचा ठपका आईच्या कथित थंडपणावर ठेवला गेला. स्वतः अशा मुलाचे पिता असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात तिचे मूळ शरीरधर्मात असल्याचे साधार प्रतिपादन केले, तरी बालवाडीच्या दारात ‘घरी लक्ष देत नाही का?’ हा प्रश्न आजही आईलाच ऐकावा लागतो.

मुलाच्या स्वभावाशी झुंजण्याऐवजी वर्गाची घडी बदलावी, हा मार्ग एरिक शॉपलर यांनी उत्तर कॅरोलायनात दाखविला आणि १९७२ पासून तो त्या राज्यभर अंमलात आला. त्याचे मर्म दिवस डोळ्यांना दिसेल असा मांडण्यात आहे. प्रार्थना, खेळ, हात धुणे, खाऊ, घर अशी चित्रे भिंतीवर क्रमाने लावावीत, एकेक काम संपताच त्याचे चित्र काढून पेटीत टाकावे, आणि नावडते काम पुढ्यात असेल तेव्हा ‘आधी मणी, मग झोका’ एवढेच सांगणारी दोन चित्रांची पाटी दाखवावी. सूचना थोडक्या शब्दांत द्यावी व उत्तरासाठी थांबावे. ‘पाणी हवे?’ या प्रश्नाला मूल ‘पाणी हवे?’ असेच उत्तर देते, ती थट्टा नसून हाती लागलेल्या शब्दांनी केलेली मागणी असू शकते. ताईंनी पेला पुढे करून ‘मला पाणी हवे’ असा नमुना द्यावा. डोळ्याला डोळा भिडविण्याची सक्ती नको. गलबला असह्य झाला की जाऊन बसण्यासाठी एक शांत कोपरा असावा, मात्र शिक्षेसाठी त्याचा वापर कदापि होऊ नये. चाके फिरविण्यातच रमणाऱ्या मुलाशेजारी चाके जुळविणारा एखादा सवंगडी बसविला, तर त्या छंदातूनच सहवासाचा आरंभ होतो.

ही तजवीज आपल्या बालशिक्षणाला परकी नाही. मारिया माँटेसरी यांनी आपली साधने प्रथम रोममधील मतिमंद मानल्या गेलेल्या मुलांसोबत पारखली आणि १९०७ साली ‘बालगृह’ काढून ती सर्वांसाठी खुली केली. ताराबाई मोडक व गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये स्थापिलेल्या नूतन बाल शिक्षण संघाने तीच परंपरा भारतीय मातीत रुजविली. वेगळ्या मुलांसाठी घडविलेल्या साधनांवर सर्वांची मुले शिकली असतील, तर चित्रांचा हा क्रमही नव्याने दाखल झालेल्या, घरी निराळी बोली बोलणाऱ्या किंवा नुसत्या बुजऱ्या मुलाच्या उपयोगी पडेल यात संशय नको.

निदान करणे हे ताईंचे काम नव्हे. त्यांनी निरीक्षणे लिहून ठेवावीत आणि पालकांना विश्वासात घेऊन बालविकासतज्ज्ञाकडे पाठवावे. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करण्याची आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. परंतु दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये मोफत शिक्षणाचा हक्क, तोही किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्यांना, ६ ते १८ या वयातच मिळतो. त्याआधीची, भाषा आणि सहवास यांच्या दृष्टीने अत्यंत मोलाची वर्षे संस्थाचालकांच्या मर्जीवर राहतात. सहाव्या वर्षी ज्याला हक्काने वर्गात बसावयाचे आहे, त्याला चौथ्या वर्षी दारातून परत पाठविणारी व्यवस्था स्वतःच्याच पुढच्या अडचणी वाढवून ठेवते. म्हणून प्रवेशाची हमी आणि वर्गात दुसऱ्या ताईंची नेमणूक या दोन मागण्या पालकांनी आणि शिक्षिकांनी एकमुखाने सरकारदरबारी मांडल्या पाहिजेत.